विस्तव झाका

१

पंचफुलाबाई मेलेली सापडली तेव्हा तिची चूल नीट झाकलेली होती, आणि सगळा घोटाळा त्या चुलीनंच केला.

शिरड शहापूरच्या शिवारात, गावापासून पाऊण कोसावर म्हातारीचा आखाडा. पत्र्याची एक खोली, पुढं छप्पर, छपराखाली चूल, आणि मागं चौदा शेळ्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मुलगा परमेश्वर पुण्याला कंपनीत, म्हातारी एकटीच राहायची. जवळा बाजार या गावचा आठवडी बाजार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आखाड्यावरची जनकाबाई ताक द्यायला गेली. पंचफुलाबाई बाजेवर उताणी होती. अंगावर वाकळ, आणि कपाळाला खोक.

गावानं पोलिसांच्या आधी तपास लावून टाकला. चूल झाकलेली, म्हणजे म्हातारीनं रात्री भाकरी केली, खाल्ली, सकाळसाठी विस्तव राखेखाली ठेवला आणि मग ती निजली. जे काही झालं ते त्यानंतर. दिवस मावळताना आखाड्यावर कोण येतं? तिच्या शेळ्या राखणारा जळबा. आणि त्याच सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं अर्ध्या शिवारानं ऐकलं होतं. किशनराव जमादारांनी दुपारपर्यंत जळबाला चौकीत नेऊन बसवलं. परमेश्वर पुण्याहून आला, रडला, आणि जळबाच्या नावानं तक्रार देऊन मोकळा झाला.

जळबाला ना बायको, ना लेकरू, ना भाऊ. त्याच्यासाठी चौकीत डबा घेऊन जाईल असंही कुणी नव्हतं. एका जनकाबाईलाच राहवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती करुणाबाईंच्या दारात येऊन बसली.

करुणा पाईकराव म्हणजे चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गावाच्या अर्जविनंत्या त्याच लिहून देत. नवरा धम्मानंद चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी आकांक्षा हैदराबादला, तिचा फोन रविवारी यायचा. बाकीचे सहा दिवस घरात बोलायला कुणी नसे, म्हणून बाईंनी वाचनालयाच्या भिंतीवरचा काळा फळा धरला. रोज सकाळी दहाला एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठून कसा आला याची हकिगत, सगळं मराठीत. चार वर्षांत एकाही माणसानं त्यावर चकार शब्द काढला नव्हता. एकदा बाईंनी मुद्दाम चूक करून पाहिली. बिस्किट हा शब्द फ्रेंचातून आला आणि त्याचा अर्थ 'तीनदा भाजलेलं', असं ठोकून दिलं. खरं तर दोनदा. तीही चूक कुणी काढली नाही. त्या दिवशी बाई जेवल्या नव्हत्या.

"अर्ज लिवा बाई," जनकाबाई म्हणाली. "जळबा मुंगी मारनारा मानूस न्हाई. उद्या अकरा वाजता कोर्टात उभा करनार म्हनत्यात."

"लिहिते. पण नुसतं चांगला माणूस आहे म्हणून भागत नाही. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, पहिल्यापासून."

जनकाबाईनं बाज सांगितली, वाकळ सांगितली, खोक सांगितली. मग म्हणाली, "आन् चूल झाकेल. राखंचा चांगला ढीग केला व्हता. वर घमेलं पालथं घातलं व्हतं. ते काहून घातलं काय म्हाईत."

बाईंचा पेन थांबला.

"घमेलं?"

"लोखंडाचं. राखंवर पालथं. तसं कुनी करतं का?"

तसं इथं कुणी करत नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. विस्तवावर लोखंडी झाकण पालथं घालतात ही गोष्ट साऱ्या पंचक्रोशीत फक्त एकाच ठिकाणी लिहिली गेली होती, तीही बाजाराच्याच दिवशी. आणि लिहिणारा हात बाईंचा स्वतःचा होता.

२

त्या दिवशीचा शब्द होता कर्फ्यू. लॉकडाऊनमध्ये तो गावाच्या तोंडी बसला होता, आणि काहींच्या पाठीवरही. बाईंनी लिहिलं होतं: 'आपण अर्थ धरतो संचारबंदी. मूळ शब्द फ्रेंच, कूव्र-फ, म्हणजे विस्तव झाका. जुन्या काळी तिकडं संध्याकाळी घंटा होई. घंटा झाली की प्रत्येक घरानं चुलीतला विस्तव राखेनं झाकायचा आणि त्यावर धातूचं झाकण पालथं घालायचं, म्हणजे घरांना आग लागत नसे. त्या झाकणालाही हाच शब्द होता.' खाली झाकणाचं चित्र काढलं होतं. ते जरा घमेल्यासारखंच झालं होतं, बाईंची चित्रकला बेताचीच.

आखाड्यावर दोघी पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. सुतकात चूल पेटवायची नसते, त्यामुळं कुणी तिला हात लावला नव्हता. जनकाबाईनं घमेलं फक्त बाजूला सरकवलेलं होतं. बाई पदर खोचून चुलीपुढं बसल्या.

"पंचफुलाबाई विस्तव कसा ठेवायच्या?"

"चुलीत न्हाई ठेवायची ती." जनकाबाईनं छपराचा कोपरा दाखवला. तिथं हातभर रुंद खड्डा होता, राखेनं भरलेला. "एक गवरी पेटवायची, लाल झाली की हितं पुरायची, वर राख लोटायची. सकाळी उकरलं की फुलतोच. आमच्या आईनं बी असंच केलं, तिच्या आईनं बी."

बाईंनी मान हलवली. त्यांची आईही असंच करायची. सकाळी उठून राख उकरणाऱ्या आईचा वाकलेला पाठमोरा आकार त्यांना इतका स्पष्ट आठवला की क्षणभर त्या चुलीपाशी कशाला आल्या तेच विसरल्या. मग त्यांनी काडीनं खड्डा उकरला. आत जुनी, घट्ट बसलेली राख. पुरलेल्या गवरीचा मागमूसही नव्हता.

आता त्यांनी चुलीतला ढीग उकरला. राखेखाली अर्धवट जळलेल्या काटक्या निघाल्या.

"ही पऱ्हाटी," जनकाबाई म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "कापसाच्या काडीचा विस्तव तमाखू मळूस्तोर टिकत न्हाई बाई. ही झाकून सकाळी काय मिळनार? आन् वर घमेलं. उरलासुरला बी गुदमरून जाईल."

"म्हणजे ज्यानं झाकली त्याला सकाळी विस्तव नको होता."

"ज्यानं म्हंजे?"

बाई खोलीत गेल्या. भाकरीच्या काथवटीला पिठाचा कण नाही, पिठाचा डबा घट्ट लावलेला. बाजेखाली पाहिलं, दाराशी पाहिलं, छपराच्या मेढीशी पाहिलं.

"जनकाबाई, चपला कुठं आहेत?"

दोघींनी सगळा आखाडा धुंडाळला, शेळ्यांच्या आवारासकट. चपला सापडल्या नाहीत.

"उजव्या चपलीचा पट्टा तुटला व्हता," जनकाबाई आठवून म्हणाली. "निळ्या वायरीनं बांधला व्हता तिनं. काट्याकुट्याचं रान है हे. परसाकडं बी चपलेबिगर जायाची न्हाई ती."

बाई आखाड्याच्या वाटेकडं पाहत उभ्या राहिल्या. चपला घालून बाहेर पडलेली म्हातारी बाजेवर परत आली होती, आणि चपला अजून आल्या नव्हत्या.

३

"मॅडम, तुमी कशाला उन्हात आल्या?" किशनराव जमादारांनी खुर्ची पुढं केली. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त प्रकरण लवकर मिटलेलं आवडायचं. "पोस्टमार्टमचा अहवाल यायला चार दिवस लागतेत. तवर हा हायेच."

जळबा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, हातात काठी नसल्यामुळं दोन्ही हातांचं काय करावं ते न कळलेला. बाईंनी सोबत आणलेला डबा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो उघडला नाही.

"भांडण कशावरून झालं, जळबा?"

"करडू हरवलं व्हतं उसात. मला म्हनली, डोळे गहान ठिवले का? मी बी बोललो." त्यानं डब्याकडं पाहिलं. "भांडली, तरी भाकर बांधून दिली मला. रोज द्यायची."

"संध्याकाळी आखाड्यावर किती वाजता आलास?"

"घड्याळ न्हाई बाई. दिवस लिंबाच्या शेंड्यावर व्हता, बुडाला न्हवता. शेळ्या आत घातल्या अन् निघालो."

"चुलीकडं पाहिलंस?"

"पायलं की. झाकेल व्हती. वर घमेलं."

बाईंनी जमादारांकडं पाहिलं. "ऐकलंत? दिवस मावळायच्या आधीच चूल झाकलेली. संध्याकाळची भाकरी व्हायच्या आधी कुणी विस्तव झाकून ठेवतं का?"

"लवकर केली असंल भाकरी."

"काथवटीला पिठाचा कण नाही. आणि ज्यात विस्तव राहतच नाही अशी पऱ्हाटी झाकलेली आहे. ती चूल पंचफुलाबाईंनी झाकलेली नाही, जमादार. त्या रात्रीपर्यंत जिवंत होत्या असं सगळ्यांना वाटावं म्हणून दुसऱ्या कुणीतरी झाकली."

"व्हय, ह्यानंच."

"हा जन्मभर चुलीपाशी बसलेला माणूस आहे. घमेलं घालून विस्तव गुदमरतो हे याला झोपेतही कळेल. आणि रात्री ती जिवंत होती असं दाखवून याचा काय फायदा? उलट याच्याच गळ्यात आलं."

किशनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मनातून त्यांना पटलं असावं, पण तसं म्हणण्याची घाई त्यांनी केली नाही. "मॅडम, उद्या अकराला कोर्ट. तवर दुसरा मानूस दाखवा, मी ह्याला सोडतो. न्हाई दाखवला तर मला बी वरून इचारनारे हायेत."

निघताना बाई जळबापाशी थांबल्या. "त्या संध्याकाळी तिला हाक का मारली नाहीस?"

जळबानं खाली मान घातली. "रुसलो व्हतो. अन् मला वाटलं, तिनं बी हाक न्हाई मारली, म्हंजे ती बी रुसली."

४

वाचनालयाच्या पायरीवर बसून करुणाबाईंनी मनाशी हिशोब मांडला. जो कुणी होता त्यानं फळा वाचला होता. फळा कुणी वाचत नाही, हे दुःख त्यांनी चार वर्षं उराशी जपलं होतं. आणि आता त्यांना आपला पहिला वाचक शोधायचा होता, तोही चौकीत द्यायला.

ग्रंथपाल संतराम चहा घेऊन आला.

"त्या दिवशी फळा कधी पुसलास?"

"बारा वाजता बाई. जनावरांच्या लसीची सूचना लिवायची व्हती."

म्हणजे दहा ते बारा, दोनच तास तो शब्द जगात होता. "तू वाचला होतास?"

संतराम ओशाळला. "खरं सांगू का बाई? मी पुसतो. वाचत न्हाई."

"तुझ्या घरी विस्तव कसा ठेवतात?"

"बायको गवरी पुरते. काहून?"

गवरी पुरणाऱ्या घरातला माणूस पऱ्हाटी झाकणार नाही. बाईंनी संतरामचं नाव मनातून खोडलं. "बारा वाजता इथं कोण होतं?"

"कोन असनार? सगळं गाव सकाळच्याच गाड्यांनी बाजारला गेलेलं. रविंद्राचा ऑटो तेवढा उभा व्हता. मागं एक म्हातारी, पदर ओढून झोपेल."

"कोण म्हातारी?"

"तोंड न्हाई पायलं."

समोर पुनमचंद शेठचं किराणा दुकान. शेठच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावून ते गादीवर बसले होते. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखत.

"फळा? मॅडम, मला तर माझी वजनं दिसत नाहीत," ते हसले. "पण ऐकू बराबर येतं. त्या दिवशी रविंद्राची सीट भरेना. सकाळीच सगळे गेल्यावर कोण येणार? पण त्याची सवय, सीट भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आत एक बाईमाणूस होतं. कण्हत होतं. मग बरंच वेळ काही आवाज नाही, आणि मग गाडी गेली."

"जवळा बाजारकडं?"

शेठनं चेहरा किंचित वळवला. जणू तो आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला. "नाही. आता तुम्ही विचारलं म्हणून आठवतं. गाडी उलटी वळली. आखाड्यांच्या वाटेनं."

बाई दुकानाच्या पायऱ्या उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध थांबल्या. त्या दिवशी सकाळी शब्द लिहून झाल्यावर त्या हात झटकत होत्या, तेव्हा मागून एक आवाज आला होता. थकलेला, पण उत्सुक. "काय लिवलं ओ बाई?"

चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. आणि बाई घाईत म्हणाल्या होत्या, "शब्द आहे आजी, इंग्रजी." इतकंच बोलून त्या घरी निघाल्या होत्या, वळूनही न पाहता. घरी तर वाट पाहणारं कुणीच नव्हतं.

५

रविंद्राची भाड्याची खोली गावाच्या टोकाला होती. दारात ऑटो, आत सतरंजी, एक शेगडी, एक सिलिंडर. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा, नीटनेटका, कमी बोलणारा. आईबाप लहानपणीच गेले, औंढ्याच्या वसतिगृहात वाढला, एवढंच गावाला माहीत होतं. त्याहून जास्त कुणी विचारलंही नव्हतं. ऊन उतरलं होतं. बाई दारात दिसताच तो उठून उभा राहिला, आणि त्यांना पाहून त्याला नवल वाटलं नाही हे बाईंच्या लक्षात आलं.

"रविंद्र, पंचफुलाबाईंच्या चपला दे."

त्याची नजर दारातल्या ऑटोकडं गेली.

"त्या चपला घालून घरून निघाल्या. परत आल्या तेव्हा चपला नव्हत्या, म्हणजे चालत आल्या नाहीत. कुणीतरी गाडीतून आणून बाजेवर ठेवलं. गावात त्या वेळी एकच गाडी होती. आणि चुलीवर घमेलं पालथं घालायचं हे ज्यानं फळ्यावर वाचलं तोच घालणार. पुसून टाकायच्या आधी फळ्यासमोर दोन तास एकटा तूच उभा होतास."

रविंद्र बाहेर गेला. मागची सीट उचलून त्यानं खालच्या खणातून चपला काढल्या. उजव्या चपलीला निळी वायर होती. त्या त्यानं बाईंच्या पायापाशी ठेवल्या आणि तिथंच जमिनीवर बसला.

"मी मारलं नाही मॅडम."

"माहीत आहे. काय झालं ते सांग."

"पाठीत दुखून राहिलं म्हणाली. जवळ्याच्या डॉक्टरकडं जायचं होतं. 'निघ ना लेकरा,' दोनदा म्हणाली. मी म्हणलं, आजी, दोन शिटा येऊ द्या. रोजचंच असतंय मॅडम, सगळेच कुठं ना कुठं दुखतंय म्हणतात." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिनं मला विचारलं, बाईनं काय लिवलं? मी वाचून दाखवलं, सगळं. ती हसली. म्हणाली, 'त्यात काय येवढं, आमी तर रोजच झाकताव.' मग गप बसली. मला वाटलं डोळा लागला. संतरामनं फळा पुसला तेव्हा मी मागं वळून म्हणलं, आजी, आता कुणी येत नाही, चला, एकटीलाच नेतो. ती बोलली नाही. हात लावला तर कलंडली, कपाळ लोखंडी दांडीवर आदळलं. हात गार पडले होते."

"दवाखान्यात का नेलं नाहीस?"

"लोक विचारतील, दोन तास का थांबलास? काय सांगू? मलाच सांगता येत नाही." त्यानं चपला जुळवून ठेवल्या. "रानात कुणी नव्हतं. बाजेवर ठेवलं, वाकळ घातली. झोपेत गेली असं वाटावं म्हणून चूल पेटवायला बसलो. अर्धा तास पेटेना. पेटली तशी फळ्यावर होतं तसं झाकली."

"याआधी कधी चूल झाकताना पाहिलं होतंस?"

"वसतिगृहात भाकर खिडकीतून मिळायची मॅडम. चूल आतल्या अंगाला होती. मी कधी आत गेलो नाही."

बाईंच्या सगळ्या तर्काचा शेवटचा दुवा हाच होता, घरात चूल नसलेला माणूस. तो बरोबर निघाला याचं त्यांना मनस्वी वाईट वाटलं.

रविंद्रानं उशाखालून वह्या काढल्या. दोनशे पानी, सहा. "पोलिसांना हे लागेल ना?"

बाईंनी पहिली वही उघडली. पहिल्या पानावर फळ्यावरचा पहिला शब्द, तारखेसकट. मग दुसरा, तिसरा. चार वर्षांचे सगळे शब्द, त्यांची सगळी वाक्यं, एका सुबक अक्षरात. बिस्किटाच्या पानावर समासात बारीक लिहिलं होतं: 'तीनदा? शब्दकोशात दोनदा आहे. मॅडमना विचारायचे.' शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर कर्फ्यू होता, आणि खाली झाकणाचं चित्र, बाईंच्या चित्रापेक्षा चांगलं.

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही लिहून झालं की लगेच जायच्या." त्यानं वही सरळ केली. "गेल्या पावसाळ्यात तीन दिवस फळा कोरा होता. मी दोनदा तुमच्या घरावरून ऑटो नेला. खिडकीत उजेड दिसला, मग आलो परत."

ते तीन दिवस बाईंना तापात काढलेले आठवले. कुणाला कळलंही नाही, असं त्यांनी तेव्हा रविवारच्या फोनवर आकांक्षाला सांगितलं होतं.

"जळबा आत बसलाय, रविंद्र."

"माहीत आहे. मी दोनदा चौकीपर्यंत जाऊन आलो." तो उठला. "तुम्ही सोबत याल का?"

६

किशनरावांनी चपला पाहिल्या, जबाब ऐकला, जळबाला बाहेर आणून बसवलं आणि मग सहाव्या वहीचं शेवटचं पान उजेडाकडं धरलं.

"हे काय है मॅडम? वाचून दाखवा."

बाईंनी वाचून दाखवलं. विस्तव राखेनं झाकायचा आणि त्यावर धातूचं झाकण पालथं घालायचं. स्वतःचीच वाक्यं दुसऱ्याच्या अक्षरात वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला. रविंद्र मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. त्याला ते पाठ होतं.

"लिवलं कुनी?"

"शब्द माझे. अक्षर त्याचं."

"सहाच्या सहा वह्या जमा कराव्या लागतील."

बाईंनी वह्या टेबलावर ठेवल्या. चार वर्षांत त्यांना मिळालेली ही एकच पावती होती, आणि ती अर्ध्या तासात हातातून गेली. जमादारांनी कागद पुढं ओढला. मग नोंद करता करता पेन थांबवून विचारलं, "हा तुमचा कोन लागतो मॅडम?"

बाईंनी रविंद्राकडं पाहिलं. नात्याचा कुठलाच शब्द त्याला लागू नव्हता, आणि खोटं लिहवून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"वाचक," त्या म्हणाल्या. "माझा वाचक आहे. जामिनाच्या अर्जावरही तेच लिहीन."

दुसऱ्या दिवशी दहाला त्या फळ्यापाशी गेल्या. रविंद्राची जागा रिकामी होती. शेजारी एक नवा ऑटो लागला होता, आणि त्यात तिघंजण आणखी सीट येण्याची वाट पाहत बसले होते. बाईंनी म्हातारी गेल्यापासून फळ्यावर तशीच राहिलेली लसीची सूचना पुसली आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर हात झटकले, पण घराकडं वळल्या नाहीत. ज्या म्हातारीनं विचारलं होतं तिला वाचता येत नव्हतं. एवढी साधी गोष्ट चार वर्षांत त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी ऑटोकडं तोंड केलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"आजचा शब्द, कंपॅनियन. म्हणजे सोबती. हाही फ्रेंचातूनच आलेला. मूळ अर्थ असा, की ज्याच्यासंगं आपण भाकरी खातो तो."

ऑटोतल्या तिघांनी माना वळवल्या. एकानं ड्रायव्हरला थांब म्हणून खूण केली. रस्त्याच्या कडेनं चौदा शेळ्या चालल्या होत्या, आणि त्यांच्या मागून जळबा. परमेश्वरानं तक्रार मागं घेतली होती, आणि पुण्याला शेळ्या नेता येत नाहीत म्हणून त्या जळबाकडंच राहिल्या होत्या. तो काठी टेकून उभा राहिला.

"पुन्यांदा सांगा बाई."

बाईंनी पुन्हा सांगितलं. जळबानं ते ऐकून घेतलं. शेळ्या पुढं जाऊन वाट बघत थांबल्या तरी तो हलला नाही.

"त्या दिशी तिनं बांधून दिलेली भाकर," तो म्हणाला, "मी रागानं खाल्ली न्हाई. शेळीला टाकली."

करुणाबाई खडू हातात धरून त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.